'केल्याने देशाटन': हे वाक्य तिथे संपत नाही

तुम्ही लिहिलंय, की आजोबा लहानपणापासून 'केल्याने देशाटन' म्हणायचे. ते मनात धरून गेल्या चार वर्षांत तुम्ही नऊ राज्यं आणि तीन देश पाहिलेत, आणि आता सत्ताविसाव्या वर्षी वाटतंय की शहाणपणात काही भर पडलेली नाही. ओळ चुकीची आहे की मी, असं विचारलंत. चातुर्य म्हणजे हुशारी की चलाखी, हेही विचारलंत. आणि येत्या डिसेंबरात तंजावरला निघालाय, तर या वेळी काय वेगळं करावं, असा तिसरा प्रश्न शेवटी अगदी सहज टाकलाय. मला तो तिसराच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पण त्याच्याकडे जायचं तर पहिले दोन ओलांडूनच जावं लागेल.

मी ३४ वर्षं मराठी शिकवलं, आधी शाळेत आणि मग कनिष्ठ महाविद्यालयात, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. ज्या आर्येची (मात्रा मोजून रचलेल्या दोन ओळींच्या पद्याची) ही सुरुवात आहे, ती किती वेळा फळ्यावर लिहिली त्याची गणती नाही. पहिली दहा-बारा वर्षं मीही ती तुमच्या आजोबांसारखीच सांगत होते: पोरांनो, फिरा, म्हणजे शहाणे व्हाल. ते सांगणं अपुरं होतं हे मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं. तिच्याकडे येते, पण आधी ओळी पुऱ्या वाचू.

केल्याने देशाटन, पंडितमैत्री, सभेत संचार।
शास्त्रग्रंथविलोकन, मनुजा चातुर्य येतसे फार॥

परंपरेने ही आर्या मोरोपंतांच्या नावाने म्हटली जाते. पंत पन्हाळ्याला १७२९ साली जन्मले आणि पुढचं आयुष्य त्यांनी बारामतीला नाइकांच्या आश्रयाने पुराण सांगण्यात आणि लिहिण्यात घालवलं. 'आर्या मयूरपंताची' अशी त्यांची ख्यातीच आहे. मात्रा मोजून पाहा: पहिल्या चरणात १२, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात १२, चौथ्यात पुन्हा १८ (चरणाच्या शेवटचं लघू अक्षर गुरू धरायचं). म्हणजे काटेकोर बोलायचं तर ही गीती, आर्येचाच एक प्रकार. पंतांच्या बहुतेक 'आर्या' याच घडणीच्या आहेत. मात्रांचं मी मुद्दाम सांगतेय. ही चाल जिभेवर इतकी सहज बसते की पहिले बारा मात्रांचे दोन शब्द सुटे होऊन पळतात. घराघरांत, निबंधाच्या सुरुवातीला, सहलीच्या जाहिरातीवर 'केल्याने देशाटन' एवढंच राहतं. तुमच्या आजोबांनी बहुधा पुरी आर्या म्हटली असेल. तुमच्या कानात पहिला चरण उरला.

आता व्याकरण बघा, कारण माझ्या मते सगळा अर्थ तिथेच आहे. 'केल्याने देशाटन' हे वाक्य नाही. केल्याने काय होतं, ते कळायला दुसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत जावं लागतं. आणि 'केल्याने' हे एकच क्रियापद चारही गोष्टींना बांधलेलं आहे: देशाटन केल्याने, पंडितमैत्री केल्याने, सभेत संचार केल्याने, शास्त्रग्रंथांचं विलोकन केल्याने. 'किंवा' कुठेही नाही. देशाटन हा चारांतला एक, आणि कवीने तो पहिला ठेवलाय म्हणून पुरेसा ठरत नाही.

ही आर्या आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे एक संस्कृत सुभाषित आहे:

देशाटनं पण्डितमित्रता च वाराङ्गना राजसभाप्रवेशः।
अनेकशास्त्रार्थविलोकनं च चातुर्यमूलानि भवन्ति पञ्च॥

चातुर्याची मुळं पाच, असं ते सांगतं: देशाटन, पंडितांशी मैत्री, वारांगना (गणिका), राजसभेत प्रवेश आणि अनेक शास्त्रांचं अवलोकन. मराठीत येताना पाचाची चार झाली. वारांगना गेली, आणि 'पाच' हा आकडाही गेला. त्या काळच्या नगरात गणिका कलावंत होती. कामसूत्रात चौसष्ट कलांत निपुण असलेल्या गणिकेला सभेत मान मिळतो असं सांगितलंय. बोलणं, वागणं, संगीत, माणसं ओळखणं तिथे शिकायला मिळे. मराठी कवीसमोर पुराण ऐकणारा श्रोता होता, नंतर ही आर्या मुलांच्या पाठांतरात गेली, तेव्हा ते मूळ गळलं यात नवल नाही. पण ते गळल्याने एक धागा निसटला असं मला वाटतं: आपल्या घरची माणसं जिथे पायरी चढत नाहीत, तिथेही शिकण्यासारखं असतं, हे संस्कृत श्लोक उघड म्हणत होता.

राजसभेची मात्र नुसती 'सभा' झाली, आणि हा बदल मला फार आवडतो. राजसभेत कितीजणांना प्रवेश मिळणार? सभेत कुणीही जाऊ शकतं. शिवाय 'प्रवेश' जाऊन 'संचार' आला. प्रवेश एकदाच करायचा असतो, संचार म्हणजे वावर. सभेत बोलायला हवं असंही कवी म्हणत नाही. माणसांत वावरा, एवढंच म्हणतो.

याहून मोठा बदल 'केल्याने' या शब्दात आहे. संस्कृतात ही पाच नामं आहेत, मुळं म्हणून जमिनीत स्थिर असलेली. मराठीने त्यांची कृती केली. आणि शेवटी काय म्हटलं? 'मनुजा चातुर्य येतसे'. 'मनुजा' ऐकून वर्गातली निम्मी मुलं 'हे माणसा' अशी हाक समजायची. पण ती चतुर्थी आहे, 'मनुजाला'. माणसाला चातुर्य येतं. मराठीत आपण म्हणतो मला पोहता येतं, मला झोप आली, मला दया आली. जे जे असं 'येतं', ते आपण ओढून आणू शकत नाही. पाण्यात उतरणं आपल्या हातात, पोहायला येणं मागून. कवीने करायच्या गोष्टी 'केल्याने'च्या बाजूला ठेवल्या आणि चातुर्य 'येण्या'च्या बाजूला. 'येतसे' म्हणजे 'येत असे', येत राहतं. चार वर्षांच्या शेवटी हिशोब करून 'आलं का' म्हणून बघण्याजोगं ते रूपच नाही.

म्हणून ओळ चुकीची की तुम्ही, याचं माझं उत्तर: दोन्ही नाही. चारातला एक भाग तुम्ही मनापासून केलात आणि फळ चारांचं मागताय.

आता 'देशाटन'. तुम्ही राज्यं आणि देश मोजलेत म्हणून सांगते. जुन्या मराठीत 'देश' म्हणजे राष्ट्र नव्हे. देशावर जाणं, देश आणि कोकण, देशस्थ या शब्दांत देश म्हणजे मुलूख, प्रांत. घाट उतरला की देश बदलतो. आणि 'अटन' म्हणजे भटकणं; भिक्षाटन, तीर्थाटन, पर्यटन सगळ्यांत तोच धातू. त्या भटकण्याचा वेग पायांचा होता. शेजारचा 'प्रवास' हा शब्द तर याहून बोलका आहे, त्यात 'वस्' आहे, राहणं. घरापासून दूर राहणं म्हणजे प्रवास. तीन दिवसांत चार शहरं केली तर अटन होतं, वास होत नाही.

चातुर्याबद्दल. आज 'चतुर' म्हटलं की आपल्याला बिरबल आठवतो, किंवा बाजारात न फसणारा माणूस. तुम्ही 'चलाखी' म्हणालात ते त्यामुळेच. जुन्या मराठीत या शब्दाचं वजन वेगळं होतं. रामदासांनी दासबोधात चातुर्यावर स्वतंत्र समास लिहिलेत. त्यांतली ही ओवी:

चातुर्यें श्रृंगारे अंतर। वस्त्रें श्रृंगारे शरीर।
दोहींमधें कोण थोर। बरें पाहा॥

कपड्याने शरीर सजतं, चातुर्याने आतलं माणूस सजतं. म्हणजे समोरचा माणूस ओळखणं, प्रसंग ओळखणं, कुठे बोलावं आणि कुठे थांबावं ते कळणं. आणि हे कसं येतं, तेही रामदास सांगतात. नाशिकजवळच्या टाकळीची बारा वर्षांची साधना झाल्यावर त्यांनी पुढची बारा वर्षं पायी देश पालथा घातला अशी परंपरा आहे, तेव्हा हा माणूस फिरण्यावर बोलला तर ऐकायला हवं:

कुग्रामें अथवा नगरें। पाहावीं घरांचीं घरें।
भिक्षामिसें लाहानथोरें। परीक्षून सोडावीं॥

बहुतीं कांहीं तरी सांपडे। विचक्षण लोकीं मित्री घडे।
उगेच बैसतां कांहींच न घडे। फिरणें विवरणें॥

भिक्षा हे निमित्त. घरोघर जायचं ते माणसं पारखायला. 'विचक्षण लोकीं मित्री घडे' ही जवळजवळ आपल्या आर्येतली पंडितमैत्रीच. आणि शेवटचे दोन शब्द मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतात: फिरणें विवरणें. विवरणं म्हणजे पाहिलेलं मनात उलगडत बसणं. तुमच्या पत्रात फिरण्याचे चार परिच्छेद आहेत, विवरण्याची एक ओळ आहे, आणि ती म्हणजे तुमचा हा प्रश्न. तो तुम्हाला पडला, यालाच मी सुरुवात म्हणेन.

आता ती विद्यार्थिनी. आमच्या भागात दिवाळी झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो. घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कोयते घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिकडे कारखाना नेईल तिकडे. चार-पाच महिन्यांनी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. ही मुलगी लहानपणापासून आईबापांबरोबर जात आलेली. मी उत्साहाने आर्या समजावून दिली आणि विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी जन्मल्यापासून देशाटनच करते. मला आलंय का चातुर्य?" वर्ग हसला. ती हसत नव्हती.

मला उत्तर सुचलं नाही. मी तिला म्हटलं, तू जिथं जिथं गेलीस तिथलं काय दिसलं ते लिहून आण. तिने दोन पानं आणली. कोल्हापूरकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, ते पहिल्यांदा ऐकून तिला हसू आलं होतं आणि महिनाभराने तीही तसंच बोलायला लागली होती. कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी, कुठल्या अंगाला दार ठेवून घालायची म्हणजे पहाटेचा वारा लागत नाही. आणि हे वाक्य मी कधी विसरणार नाही: फडाचा (उसाच्या शेताचा) मालक पहिल्यांदा हाक कशी मारतो, त्यावरून कळतं की हा वाढं नेऊ देईल की नाही. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बैलांची वैरण. एका हाकेवरून माणूस ओळखायचा. 'परीक्षून सोडावीं' याचा याहून चांगला अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

तिला चातुर्य आलेलं होतं. पण त्यासोबत दर वर्षी चार-पाच महिन्यांची शाळा बुडाली होती. देशाटन पदरात पडलं, सभेतला संचारही पडला, कारण फडावर दहा गावची माणसं असतात. शास्त्रग्रंथविलोकन मात्र त्याच देशाटनाने हिरावून नेलं. म्हणून 'फिरल्याने शहाणपण येतं' हे मी सरसकट सांगायचं थांबवलं. कोण फिरतंय, मनाने फिरतंय की पोटाने, परत येऊन टेकायला जागा आहे का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. तुम्ही मनाने फिरताय, हातात पुस्तक धरायला वेळ आहे. तुमच्या बाबतीत उणीव नेमकी उलटी आहे: तिला फडावर माणसं भेटली, तुम्हाला नऊ राज्यांत कोण भेटलं ते पत्रात कुठेच नाही. मी मुद्दाम दोनदा शोधलं. जागांची नावं आहेत, हॉटेलं आहेत, एकाही माणसाचं बोलणं नाही.

इथवर आलेलं थोडक्यात धरून ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल: चारही गोष्टी एका 'केल्याने'त बांधलेल्या, देश म्हणजे मुलूख, चातुर्य म्हणजे माणूस आणि प्रसंग ओळखणं, आणि ते आपण होऊन येतं.

राहिलं तंजावर. तुम्ही हेच गाव निवडलंत याचा मला आनंद झाला, कारण मी तिथे दोनदा गेले आणि पहिल्यांदा काहीही न पाहता परत आले. १९९६ साली शिक्षकांच्या सहलीबरोबर गेले होते. दीड तास मिळाला. बृहदीश्वराच्या देवळाचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, मान वर करून पाहिलं, नंदीपाशी फोटो काढला, बसमध्ये बसले. १९९६ नंतर काही वर्षांनी तंजावरच्या मराठी राज्याबद्दल वाचायला घेतलं: शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, त्यांनी उभं केलेलं ते राज्य, आणि पुढे दुसरे सरफोजी, ज्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. वाचता वाचता कळलं की सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास त्याच देवळाच्या भिंतीवर कोरवून घेतलाय. मराठीत, देवनागरीत. मी मराठीची शिक्षक, त्या भिंतीजवळून चालत गेले होते आणि मला ती दिसली नव्हती.

२००९ मध्ये पुन्हा गेले, एकटी, पाच दिवस. यावेळी भिंतीसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. काही ओळी सरळ कळल्या, काही अडल्या. शेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "कुठून आलात?" त्यांचं मराठी माझ्या आजीच्याही आजीचं वाटावं असं, आणि चाल तमिळ. पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेलं घर. घरात मराठी, बाहेर तमिळ. ते मला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नीने कॉफी दिली आणि आम्ही दुपारभर एकमेकींचे शब्द तपासत बसलो, तुमच्याकडे याला काय म्हणतात, आमच्याकडे काय म्हणतात. त्या दुपारी मला माझी स्वतःची भाषा थोडी दूर उभी राहून ऐकता आली. वर्गात जुनं मराठी शिकवताना 'हे आता कुणी बोलत नाही' असं मी जे नेहमी म्हणायचे, ते वाक्य त्यानंतर मी वापरलेलं नाही.

मी काही ठरवून आर्येचे चार भाग पूर्ण करायला गेले नव्हते. पण मागे वळून पाहिलं तर पुस्तक आधी आलं, मग भिंत दिसली, भिंतीपाशी थांबले म्हणून माणूस भेटला. आर्येत शेवटी असलेलं विलोकन इथे सगळ्यांत आधी आलं. तुम्हीही ते आधी ठेवून पाहा असं सुचवेन. आता ऑक्टोबर आहे, हातात दोन महिने आहेत. तंजावरच्या मराठी राजांवर एखादं चांगलं पुस्तक मिळवा आणि निदान सरफोजींपर्यंत वाचा. कुंभकोणम, मदुराई, रामेश्वर एकाच फेरीत कोंबलं असेल तर त्यातलं काही सोडा. तंजावरला निदान तीन रात्री राहा. सरस्वती महालात जुन्या पोथ्या आणि मोडीतली कागदपत्रं आहेत. मांडून ठेवलेलं तेवढं तरी सावकाश पाहा. विलोकन म्हणजे पाहणंच. कवीने पठण म्हटलेलं नाही, तेव्हा सगळं समजलंच पाहिजे असा धाक बाळगू नका.

माणसांचं मात्र मला वचन देता येणार नाही. मला ते गृहस्थ भेटले, तुम्हाला कुणी भेटेलच असं नाही. तुम्ही स्वभावाने अबोल आहात असं लिहिलंय. हरकत नाही, संचाराला बोलकेपणा लागत नाही. संध्याकाळी देवळाच्या आवारात गावातली माणसं येऊन बसतात, मुलं खेळतात. तिथे फोन पिशवीत ठेवून तासभर बसा. कुणी विचारलं तर मराठीत एक वाक्य बोलून पाहा, उत्तर कुठल्या भाषेत येतं ते ऐका. आणि रोज रात्री, फोटो बघण्याआधी, त्या दिवशी ऐकलेलं एक तरी वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. मी विद्यार्थ्यांना सहलीहून परतल्यावर ठिकाणांची यादी कधी मागितली नाही. एक ऐकलेलं वाक्य मागितलं. ज्यांच्याकडे ते असायचं त्यांचे निबंध वेगळेच असत.

भिंतीपाशी सकाळी लवकर जा. दुपारी दगड तापतो आणि अनवाणी उभं राहवत नाही. शिवाय तिरप्या उन्हात कोरलेल्या अक्षरांच्या कडा नीट उठून दिसतात. सोबत वही आणि पेन्सिल घ्या. ओळीवर बोट न टेकता, नजरेने सावकाश चाला. पहिल्या दहा मिनिटांत काही लागणार नाही, मग एखादं ओळखीचं नाव सापडेल, आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द हळूहळू उलगडायला लागतील. त्यातली एक ओळ उतरवून आणा, अडलेल्या शब्दांसकट, आणि मला पाठवा. तो शब्द आपण मिळून सोडवू.